उरलेली पाने : ओटीटीवरील अल्पखर्ची चित्रपटाविषयी

चित्रपट ही 'संहिता' आहे, असे मराठीच्या वर्गात आपण गेली तीसेक वर्षे म्हणत आलो आहोत. चिन्हमीमांसेच्या वाटेने आलेली ही परिभाषा प्रारंभी धाडसाची वाटे. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की तिच्यातले रूपक कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. वस्तुतः चित्रपटगृहात पाहिला जाणारा चित्रपट संहितेसारखा नव्हताच. तो थांबवता येत नव्हता, मागे नेता येत नव्हता, एखाद्या जागी खूण घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येत नव्हता. स्वरूपाने तो नाटकाच्या प्रयोगाच्या किंवा कीर्तनाच्या जवळचा होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे आणि त्याच्या गतीने जायचे. 'संहिता' म्हणताना आपण त्याच्या आकलनाविषयी बोलत होतो, त्याच्या अनुभवाविषयी नव्हे. गेल्या पाचसहा वर्षांत मात्र हे रूपक अक्षरशः खरे ठरू लागले आहे. चित्रपट, आणि त्यातही कमी पैशांत काढलेला चित्रपट, आता पुस्तकासारखा वाचला जातो. या बदलाची दखल आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही असे मला वाटते. येथे जे मांडायचे आहे ते सिद्धान्त म्हणून नव्हे, एम. ए.च्या वर्गात 'साहित्य आणि चित्रपट' ही ऐच्छिक अभ्यासपत्रिका शिकवताना जे समोर येत गेले, त्याच्या आधाराने मी लिहीत आहे.

आधी एक खुलासा. कमी खर्च हा काही कलात्मक गुण नव्हे. कमी खर्चातले सामान्य चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि गरिबीलाच शैली समजणारे दिग्दर्शकही आपल्याकडे कमी नाहीत. परंतु खर्चाची मर्यादा घाटावर परिणाम करते हे नाकारता येत नाही. खऱ्या जागा, अपरिचित चेहरे, स्थिर कॅमेरा, लांबलेली दृश्ये यांतले काही निवडीतून येते तर काही नाइलाजातून. आणि चांगल्या कृतीत निवड कोणती व नाइलाज कोणता हे सांगता येऊ नये इतके ते एकजीव झालेले असते. ज्या दिग्दर्शकाजवळ पैसा नसतो तो पैशाच्या जागी वेळ खर्च करतो. हा वेळ प्रेक्षकाकडून उसना घेतलेला असतो. म्हणूनच प्रेक्षक कोठे बसला आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला उठून जाणे किती सोपे आहे, हे प्रश्न अल्पखर्ची चित्रपटाच्या बाबतीत केवळ वितरणाचे राहत नाहीत.

या चित्रपटाला प्रेक्षक मिळणे आपल्याकडे कधीच सोपे नव्हते. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली, त्या पैशावर मृणाल सेनांचा 'भुवन शोम', मणी कौल यांचा 'उसकी रोटी' असे चित्रपट निघाले. पण काढण्यासाठी कर्ज देणाऱ्या यंत्रणेजवळ दाखवण्यासाठी चित्रपटगृहे नव्हती. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हा या इतिहासातला विलक्षण अपवाद. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि तेच त्याचे पहिले प्रेक्षकही झाले. निर्माता आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणीच नाही अशी घटना पुन्हा फारशी घडली नाही. एरवी हे चित्रपट फिल्म सोसायट्यांत पाहिले जात. आणि माझ्या पिढीतल्या जिल्ह्याच्या गावी वाढलेल्या मुलांनी ते पाहिले दूरदर्शनवर, रविवारी दुपारी, पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट दाखवत त्या वेळेत. जेवण झालेले, घरातली मोठी माणसे लवंडलेली, आणि पडद्यावर कन्नड किंवा आसामी बोलणारी माणसे, खाली इंग्रजी अक्षरे. त्यातले निम्मे कळत नसे. पण तो चित्रपट पुन्हा कधी दिसणार नाही हे मात्र कळत असे, आणि त्या जाणिवेने पाहण्याला एक प्रकारचा ताण येई.

मराठीतील चित्रपटसमीक्षेवरही त्या टंचाईची खूण आहे. ती बव्हंशी आठवणीतून लिहिली गेली. एकदा पाहायचे, घरी येऊन लिहायचे. त्यामुळे ती कथानक, अभिनय, आशय यांविषयी भरभरून बोलते आणि दृश्याच्या रचनेविषयी मोघम राहते. अरुण खोपकरांचे गुरू दत्तवरील पुस्तक हा अपवाद, आणि तो ठळक वाटतो याचे कारणच हे की एकेका दृश्यापाशी असे थांबणे मराठीत दुर्मीळ होते. ओटीटीने ही अडचण एका फटक्यात दूर केली. आज माझा विद्यार्थी एखादे दृश्य सात वेळा पाहून येतो आणि वर्गात मला सांगतो, की तुम्ही म्हणता तो कॅमेरा तेथे हलतच नाही. हा लाभ मोठा आहे, आणि पुढे जी तक्रार करणार आहे तिच्या आधी तो नोंदवला पाहिजे.

चित्रपटगृहाविषयी गहिवर आणण्याचेही कारण नाही. २०००नंतरच्या दशकात फिल्मच्या रिळांची जागा डिजिटल प्रक्षेपणाने घेतली, तेव्हा छोट्या निर्मात्याला वाटले की प्रिंट काढण्याचा खर्च वाचला. प्रत्यक्षात प्रत्येक पडद्यामागे प्रक्षेपण कंपनीला शुल्क मोजणे आले. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला मिळणारा खेळ सकाळी दहाचा किंवा दुपारी तीनचा, शुक्रवारी लागला की सोमवारी काढलेला. एप्रिल २०१५मध्ये राज्य शासनाने संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली, त्यावर गदारोळ झाला आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. बारा वाजताचा खेळ 'प्राइम टाइम'मध्ये मोडतो हे त्या निमित्ताने आपल्याला समजले.

त्याच महिन्यात, १७ तारखेला, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. मी तो बहुपडदा चित्रपटगृहात पाहिला. आम्ही वीसपंचवीस जण असू. 'कोर्ट'च्या शेवटाकडची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल. सत्र न्यायालय उन्हाळी सुटीसाठी बंद होते. माणसे निघून जातात, दिवे एकामागून एक मालवले जातात, पडदा काळा होतो. आणि काळाच राहतो. आमच्या खेळाला त्या काळोखात अर्धे लोक उठले, दाराशी उभ्या असलेल्या मुलाने दार उघडले, बाहेरचा उजेड आत आला. मग पुन्हा चित्र उमटले: न्यायाधीश सुटीवर, नातेवाइकांच्या गोतावळ्यात. पायऱ्यांवर उभे असलेले लोक तेथेच थबकले, काही जण पायरीवरच बसले. लोकशाहीर नारायण कांबळेचा खटला अनिर्णित आहे, तो तुरुंगात आहे, आणि त्याच्या नशिबाचा निवाडा करणारा मनुष्य बाकावर डुलक्या घेतो आहे. हे आम्ही पाहिले ते 'संपले' असे समजून उठल्यानंतर. त्या गैरसमजाशिवाय त्या उपसंहाराला अर्थ नाही. न्यायालयापुरता खटला संपतो, व्यवस्था पुढे चालू राहते, हे विधान दिग्दर्शक संवादातून करत नाही. प्रेक्षकाच्या शरीराकडून, त्याच्या उठण्याकडून तो ते करवून घेतो.

काही वर्षांनी हाच चित्रपट मी वर्गाला पाहून यायला सांगितला. चौदापैकी बारा जणांनी तो फोनवर पाहिला होता. त्या काळ्या पडद्याविषयी मी विचारले तेव्हा कोणालाही त्यात काही विशेष वाटले नव्हते. एकीने सहज सांगितले, ''मॅडम, खाली दिसतच होतं की अजून सात-आठ मिनिटं आहेत.''

हे उत्तर मला चित्रपटाविषयीच्या बऱ्याच सैद्धान्तिक लेखनापेक्षा अधिक काही शिकवून गेले. पडद्याच्या तळाशी सरकणारी ती रेघ म्हणजे पुस्तकाची उजव्या हातातली उरलेली पाने. कादंबरीचा वाचक नेहमीच त्या पानांच्या जाडीसह वाचतो. नायिका आजारी पडली आणि पाने दोनशे उरली असतील तर ती मरणार नाही हे त्याला बोटांनी कळते. कादंबरीकारालाही हे ठाऊक असते आणि त्या जाणिवेशी खेळतच तो लिहितो. चित्रपटाला ही जाडी नव्हती. त्याचा शेवट खरोखरच अज्ञात होता. आता तो अज्ञात राहिला नाही, आणि 'कोर्ट'सारखी कृती, जिची एक मुख्य रचनायुक्ती त्या अज्ञातावर उभी आहे, ती शब्दशः तीच राहून वेगळी झाली. पाठभेद झाला, आणि मूळ प्रतीत एक अक्षरही बदललेले नाही.

दुसरी गोष्ट दहा सेकंद पुढे नेणाऱ्या बटणाची. जिओ बेबी यांचा 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम चित्रपट जानेवारी २०२१मध्ये 'नीस्ट्रीम' नावाच्या छोट्या मंचावर आला. मोठ्या मंचांनी तो आधी नाकारला होता असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. त्याचा बोलबाला झाल्यावर एका मोठ्या मंचाने तो घेतला. अत्यल्प साधनांत केलेला हा चित्रपट बराचसा एका स्वयंपाकघरात घडतो. चिरणे, वाटणे, वाढणे, उष्टी काढणे, पुसणे, आणि पुन्हा चिरणे. गळणारी मोरी. कथानकाच्या दृष्टीने यांतली निम्मी दृश्ये 'पुनरुक्त' आहेत, आणि ती पुनरुक्ती हाच आशय आहे. प्रेक्षक कंटाळला पाहिजे. कारण ती बाई कंटाळली आहे आणि तिला उठून जाता येत नाही. वर्गातल्या दोघा मुलांनी प्रामाणिकपणे सांगितले की स्वयंपाकाची दृश्ये आम्ही पुढे ढकलली. म्हणजे ज्यांनी ती पाहायला हवी होती नेमक्या त्यांनीच ती वगळली. या चित्रपटातील पुरुष जे करतात, मोरीकडे न पाहता ताटावर येऊन बसतात, तेच त्या बटणाने त्यांना करू दिले. यावर वर्गात झालेली चर्चा त्या सत्रातली सर्वांत चांगली चर्चा होती, आणि ती मुलांच्या वगळण्यामुळेच झाली, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु थांबणे आणि वगळणे यांत फरक केला पाहिजे, असे मला याच वर्गातल्या दुसऱ्या एका उदाहरणाने वाटू लागले. त्यासाठी २०२१च्या एप्रिल आणि मे या दोन महिन्यांकडे यावे लागेल.

तो करोनाच्या दुसऱ्या लाटेचा काळ. रोज कोणाचे ना कोणाचे नाव कळत होते. १३ एप्रिलला नागपूरला वीरा साथीदार गेले: 'कोर्ट'मधला नारायण कांबळे, 'विद्रोही'चे संपादक, आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस. १९ एप्रिलला पुण्यात सुमित्रा भावे यांचे निधन झाले. ३० एप्रिलला ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. आदल्या वर्षी व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. आणि २१ मे रोजी 'दिठी', सुमित्रा भावे यांचा चित्रपट, सोनी लिव्हवर आला. चित्रपटगृहे बंद होती. मराठीतल्या अलीकडच्या काळातल्या या दोन महत्त्वाच्या कृती महाराष्ट्राने प्रथम एकेकट्याने, घरात बसून पाहिल्या.

'द डिसायपल' मी रात्री कानात इअरफोन घालून पाहिला, कारण पलीकडच्या खोलीत घरातला एक रुग्ण विलगीकरणात होता. या चित्रपटात माई नावाची एक गायिका आहे. तिने कधी ध्वनिमुद्रण करू दिले नाही, मैफली केल्या नाहीत. तिच्या व्याख्यानांच्या तेवढ्या फिती उरल्या आहेत. नायक शरद नेरुळकर रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवत त्या फिती ऐकतो. माई पडद्यावर दिसत नाही, ती केवळ आवाज आहे, आणि तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या जाऊन अकरा दिवस झाले होते. साधनेविषयी, एकटेपणाविषयी, श्रोत्याची पर्वा न करण्याविषयी तो कठोर, शांत आवाज थेट माझ्या कानात बोलत होता, शरदच्या कानात बोलतो तसाच. चित्रपटगृहात तो भिंतींतून आला असता आणि सर्वांचा झाला असता. येथे तो एकाचाच होता, आणि चित्रपटाला तो एकाचाच हवा आहे असे मला तेव्हा वाटले, अजूनही वाटते. ओटीटीने अनुभव उणावतोच असे जे सरसकट म्हटले जाते, ते म्हणून मला मान्य होत नाही. काही कृतींना एकांत मानवतो.

'दिठी'चे तसे नाही. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनांसि आले' या कथेवर तो आधारलेला आहे. कथेच्या शीर्षकातच ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' आहे. रामजी लोहाराचा तरुण मुलगा पाण्यात वाहून गेला आहे. तीस वर्षे वारी केलेल्या या माणसाला त्या दुःखाने विठ्ठलाशी भांडायला लावले आहे. बाहेर पाऊस, आत पोथीवाचनाला जमलेली म्हातारी मंडळी. त्यांना रामजीला कसे सावरावे ते समजत नाही. आणि मग अडलेल्या गाईची सोडवणूक करण्यासाठी त्याला बोलावणे येते. मोकाशींची कथा वाचताना आपण एकटे असतो, परंतु ती कथा एकट्याची नाही. दुःख एकट्याचे, ऐकणे सर्वांचे, अशी तिची बांधणी आहे. पोथी मोठ्याने वाचली जाते, एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी अर्थ विचारतो, कोणी पेंगतो. किशोर कदम, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे या मंडळींनी ते जमणे पडद्यावर इतके साधे ठेवले आहे की त्या दिवसांत, कोणाच्याही अंत्ययात्रेला चार माणसे जमू शकत नव्हती तेव्हा, ते पाहणे कठीण होते. जमण्याविषयीची एक कृती, न जमलेल्या प्रेक्षकांनी पाहिली. या विसंगतीला दिग्दर्शक जबाबदार नाही आणि मंचही नाही. पण ती आता त्या चित्रपटाच्या स्वीकृतीच्या इतिहासाचा भाग आहे.

पुढील सत्रात कथा आणि चित्रपट एकत्र लावले, तेव्हा वारकरी घरातून आलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितले की तिने 'दिठी' आजीबरोबर तीन रात्रींत पाहिला. फोन डब्याला टेकवून ठेवलेला. आजी मध्येच म्हणे, ''आता उद्या.'' वर्गात लगेच आक्षेप आला की याला चित्रपट पाहणे म्हणता येणार नाही, लय मोडली. मला तो आक्षेप पटला नाही. पोथी एका बैठकीत संपवायची नसते. तिला थांबण्याच्या जागा असतात, आणि थांबल्यावर दिवसभर ती मागे चालू राहते. दुसऱ्या दिवशी जेथे सोडली तेथूनच उचलली जाते. आजीने काहीही वगळले नव्हते. पाहण्याच्या नव्या साधनावर तिने ऐकण्याची जुनी रीत चालवली होती. आपल्याकडच्या वाचनव्यवहाराचा इतिहास मुद्रणापाशी सुरू करणाऱ्यांनी या तीन रात्रींचा विचार करावा, असे मला वाटते.

येथवर मी जे म्हटले ते चित्रपट पुस्तकासारखा झाल्याविषयी. परंतु पुस्तक म्हणजे केवळ वाचण्याची रीत नव्हे. पुस्तक विकत घेता येते, उसने देता येते, ग्रंथालयात दाखल होते, प्रकाशकाने दुकान बंद केले तरी कोठेतरी एक प्रत उरते. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. केवळ मंचावर प्रदर्शित झालेल्या चित्रपटावर असे बंधन नाही. चित्रपटाने पुस्तकाची सवय तेवढी घेतली, पुस्तकाचे हक्क त्याला मिळालेले नाहीत. मोठ्या चित्रपटाचे यावाचून अडत नाही, त्याच्या प्रती, गाणी, दूरचित्रवाणीवरचे खेळ चहूकडे पसरलेले असतात. अडते ते अल्पखर्ची चित्रपटाचे, कारण त्याला बहुधा एकच घर असते, आणि ते भाड्याचे असते.

२०२३-२४च्या शैक्षणिक वर्षात हे आमच्यावर प्रत्यक्ष आले. अभ्यासक्रमात नेमलेला एक मराठी चित्रपट सत्राच्या मध्यावर मंचावरून नाहीसा झाला. पूर्वसूचना नाही, स्पष्टीकरण नाही; काल होता, आज शोधल्यावर त्याच्यासारखे म्हणून दुसरेच काही दाखवले जाई. मंचाला लिहिलेल्या पत्राला ठरावीक वळणाचे उत्तर आले. निर्मात्याला गाठले. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, कराराची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, दुसरे कोणी घेत नाही. किती लोकांनी पाहिला हे त्यांना शेवटपर्यंत कळवले गेले नव्हते. २०२०-२१मध्ये ज्या उत्साहाने मंच छोटे चित्रपट घेत होते तो पुढे ओसरला. चित्रपटगृहातला गल्ला दाखवा, मग पाहू, असे निर्मात्यांना ऐकावे लागू लागले. ज्या दारातून सुटका म्हणून ओटीटीकडे आलो त्याच दारात पुन्हा उभे केले, असे ते गृहस्थ म्हणाले, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही.

दरम्यान विद्यार्थ्यांनी आपला मार्ग काढला होता. टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेली प्रत त्यांना मिळाली. ती मूळ लांबीपेक्षा काही मिनिटे आखूड होती, कोपऱ्यात कोणाच्या तरी वाहिनीचे नाव होते, श्रेयनामावली कापलेली होती. लेखी परीक्षेत त्या प्रतीवरून लिहिलेली उत्तरे माझ्यासमोर आली. एकाने एका दृश्याच्या 'सूचक अभावा'विषयी पानभर लिहिले होते. ते दृश्य चित्रपटात आहे, त्या प्रतीत नव्हते. विवेचन उत्तम होते. मी त्याला पूर्ण गुण दिले, कारण त्याच्यासमोर जी संहिता होती तिचे वाचन त्याने नेटके केले होते. परंतु प्राचीन हस्तलिखितांच्या संदर्भात शिकवायची पाठचिकित्सा दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी लागावी, हे विचित्र आहे. बेकायदा प्रत हाच एकमेव संग्रह उरतो, ही स्थिती चोरी करणाऱ्यांच्या नीतीपेक्षा जतन न करणाऱ्यांच्या व्यवस्थेविषयी अधिक सांगते.

श्रेयनामावलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अल्पखर्ची चित्रपटाची श्रेयनामावली हा माझ्या आवडीचा साहित्यप्रकार आहे. त्यात गावे असतात, ग्रामपंचायती असतात, वाडा दिलेली माणसे, जेवण केलेल्या बाया, बैल ज्यांचे त्यांची नावे. आपल्या पीएच. डी.च्या प्रबंधातील ऋणनिर्देशांपेक्षा ती बहुधा अधिक प्रामाणिक असते. मंचावर ही नावे सुरू झाली की चौकट आक्रसते आणि पुढचा चित्रपट सुरू होण्याची उलटी गणती येते. ज्यांनी पैशाच्या जागी आपले अंगण दिले त्यांचे नाव वाचायला पाच सेकंद मिळतात. मंथनच्या पाच लाखांना निदान आपण कोणत्या चित्रपटाचे मालक आहोत हे ठाऊक होते.

उपाय नाहीत असे नाही. केरळ शासनाने ७ मार्च २०२४ रोजी 'सी स्पेस' हा आपला मंच सुरू केला. चित्रपटामागे पंच्याहत्तर रुपये, त्यांतले निम्मे निर्मात्याला, आणि पैसे ज्या चित्रपटाला दिले त्यालाच जाणार. प्रसार भारतीचा 'वेव्हज' हा मंच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या महोत्सवात आला. मराठीसाठी म्हणून 'प्लॅनेट मराठी' २०२१ साली निघाले होते. हे सारे पोहोचवण्याचे उपक्रम आहेत, आणि ते हवेतच. परंतु दाखवणे आणि राखणे ही दोन कामे आहेत. पहिले काम बाजार कधीकधी करतो. दुसरे तो करत नाही, आणि विद्यापीठांनी ते आपले मानलेले नाही. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात नियतकालिकांच्या डिजिटल वर्गणीला तरतूद असते. ज्या चित्रपटांवर आपण प्रबंध लिहवून घेतो, त्यांची एकेक प्रत निर्मात्याकडून रीतसर विकत घेऊन ठेवावी, हा प्रस्ताव मी अभ्यासमंडळात मांडला तेव्हा विरोध कोणीही केला नाही. मात्र ग्रंथपालांनी एक रास्त शंका विचारली, की या वस्तूला दाखल क्रमांक कसा द्यायचा. हार्ड डिस्क ही 'उपकरण' म्हणून नोंदवता येते, 'ग्रंथ' म्हणून नाही. आणि उपकरण ठरावीक वर्षांनी निर्लेखित करावे लागते. प्रस्ताव खरेदी समितीकडे गेला आहे.

तोवर त्या निर्मात्याने आम्हाला अठ्ठेचाळीस तास चालणारा दुवा पाठवला. विभागाच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून तो चित्रपट सर्वांनी एकदा एकत्र पाहिला. पुढल्या वर्षीच्या मुलांसाठी पुन्हा मागावा लागेल. नव्या अभ्यासक्रमपत्रिकेत मोकाशींच्या कथेपुढे पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक छापले आहेत. तिच्याखाली नेमलेल्या चित्रपटांपुढे, प्रत्येकापुढे, कंसात एकच शब्द आहे: 'उपलब्धतेनुसार'.